हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये "टाइट आहे" म्हणजे नेमकं किती? पोटाच्या भिंतीवरचा ताण मोजण्याबद्दल

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

एकोणीस वर्षं सांगली जिल्ह्यात सर्जरी करतोय. हर्निया आमच्याकडे रोजचाच, पण जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून येणारा हर्निया (आम्ही त्याला इन्सिजनल म्हणतो) मला अजून झोपू देत नाही. पोट मधोमध उभं उघडलेल्या दर १० पेशंटांपैकी एकदोघांना तो पुढे कधीतरी होतोच. आपल्याकडे तर आतड्याला छिद्र पडून मध्यरात्री तातडीने पोट उघडावं लागणारे पेशंट भरपूर, त्यामुळे हे हर्नियाही भरपूर.

मूळ प्रश्न माझ्या हाउसमनचा, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरचा. मागच्या महिन्यात मोठा हर्निया दुरुस्त करत होतो. दोन्ही बाजूंच्या कडा कोकर चिमट्यांनी धरल्या, मध्याकडे ओढून पाहिल्या आणि सवयीने म्हणालो, "थोडं टाइट आहे, पण येतंय." समोरून त्या मुलीने विचारलं, "सर, थोडं म्हणजे किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ओटीत आम्ही काय काय मोजतो बघा. रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी किती मिली झाली, किती रक्त गेलं. मॉप आणि सुया तर दोनदोनदा मोजतो. आणि ज्या एका गोष्टीवर हे ऑपरेशन टिकणार की फाटणार हे बऱ्याच अंशी ठरतं, ती "येतंय" आणि "टाइट आहे" एवढ्या दोन शब्दांत उरकतो.

हे मला का लागतं तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी पेशंट होते. हर्नियाचं तोंड ११ सेंटीमीटर रुंद. मी ओढून शिवलं. असिस्टंट दोन्ही बाजूंनी पोट आत ढकलत होता आणि मी गाठी मारत होतो. ते बंद झालं याचा मला आनंद झाला होता. पाचव्या दिवशी त्यांना खोकला लागला आणि रात्री ड्रेसिंग भिजलं. पुन्हा उघडलं तेव्हा दोरा शाबूत, गाठी शाबूत, आणि कडा मात्र सुरीने चीज कापावं तशा कापल्या गेलेल्या. दोऱ्याची चूक नव्हती, पेशंटची तर नव्हतीच. तिथे किती ताण आहे हे मला कळलं नव्हतं.

"टेन्शन-फ्री" हा शब्द आम्ही सगळे वापरतो, पण तो जांघेतल्या हर्नियातून आलाय. इटलीत बॅसिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेचा हर्निया थर थर शिवून बरा करायची रीत घालून दिली. तिच्यात कडा ओढून शिवाव्या लागत. लॉस एंजेलिसच्या लिक्टनस्टाइन यांनी १९८९ मध्ये मांडलं की ओढायचंच नाही, वर जाळी ठेवायची. जांघेत ते उत्तम चाललं. पण पोटाच्या मधोमध जी पांढरी पट्टी आहे, लिनिया अल्बा, ती जन्मभर ताणातच जगते. दोन्ही बाजूंचे स्नायू तिला ओढत असतात म्हणून तर आपण उठतो, वाकतो, खोकतो. तिथला ताण शून्य करणं म्हणजे तंबूचा दोर सैल सोडणं. मग किती ताण ठेवायचा? आणि तो मोजायचा कशाने?

माझ्या डोक्यात सरळ कल्पना आहे. चिमट्याला स्प्रिंगचा काटा अडकवायचा, कड मध्यापर्यंत आणायची आणि आकडा वाचायचा. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ताण मोजायच्या उपकरणाने अगदी हेच केलं गेलंय आणि प्रसिद्धही झालंय. आपल्याकडे करायचं तर काय काय चुकू शकेल? इंजिनिअर आणि भूलतज्ज्ञ मंडळींनी जरूर लिहावं.

---

यंत्रज्ञ_चिंचवड | सोमवार, रात्री ११:५५

डॉक्टर, वाचून कागद-पेन घेऊनच बसलो. मी प्रेशर व्हेसलचा माणूस आहे, मला पोट म्हणजे एक भांडं दिसतं.

लाप्लासचा नियम: आतला दाब गुणिले त्रिज्या, गोल असेल तर त्याच्या निम्मं. एवढा ताण भिंतीच्या दर एकक लांबीवर येतो. पोट धड गोल नाही की धड नळी नाही, पण सोयीसाठी गोल धरतो, त्रिज्या १५ सेंटीमीटर. दाबाचे आकडे शोधले तर अमेरिकेतला एक अभ्यास मिळाला. २० निरोगी तरुण माणसांच्या मूत्राशयातून दाब मोजला होता. उभं असताना सरासरी २० मिमी पारा, खोकताना १०७, उडी मारताना १७१.

आता बघा. उभं असताना भिंतीच्या दर सेंटीमीटरला सुमारे २ न्यूटन. छेद १५ सेंटीमीटर लांब असेल तर पूर्ण शिवणीवर ३० न्यूटन, म्हणजे ३ किलो लटकवल्यासारखं. खोकला आला की दर सेंटीमीटरला १०.७ न्यूटन, त्याच शिवणीवर १६ किलो. उडी मारली तर २६ किलो.

१६ किलो! सिमेंटच्या गोणीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, तोही झटक्यात. त्या शेतकरी दादांच्या शिवणीवर पाचव्या दिवशी काय आलं असेल ते कळतं.

सूत्रात त्रिज्या आहे हेही लक्षात घ्या. पोटाचा घेर दीडपट झाला की त्याच दाबाला ताणही दीडपट.

---

आखेनकर | मंगळवार, पहाटे ३:१०

तुमचं गणित बरोबर दिशेला आहे. मी जर्मनीत आखेनला बायोमेडिकलचं शिक्षण घेतोय. इथल्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९० च्या दशकात क्लिंगे आणि सहकाऱ्यांनी हाच हिशेब मांडला होता. दाब २० किलोपास्कल, पोटाचा व्यास ३२ सेंटीमीटर, उत्तर दर सेंटीमीटरला १६ न्यूटन. जाळीला एवढं बळ पुरतं, हे त्यावरून ठरलं. तोवर वापरात असलेल्या जड जाळ्या याच्या कितीतरी पट मजबूत आणि तितक्याच ताठ होत्या. पोटाची भिंत १६ न्यूटनला उभ्या दिशेत पुरुषांमध्ये साधारण २३ टक्के ताणली जाते, जड जाळी मात्र त्याहून बरीच कमी. पेशंट सांगतात ना, पोटात पत्रा बसवल्यासारखं वाटतं, ते यामुळे. वजनाला हलक्या, मोठ्या छिद्रांच्या जाळ्या त्यानंतर आल्या.

पण एक गोष्ट वेगळी ठेवा. यंत्रज्ञांनी काढला तो आतल्या दाबाने येणारा ताण. डॉक्टर विचारतायत तो दुसरा: पेशंट आडवा, पूर्ण भुलीत, पोट उघडं, आत दाब जवळजवळ नाहीच, तरी कड मध्याला यायला तयार नाही. हा ताण आखडलेल्या स्नायूचा. ऑपरेशन संपल्यावर पहिला त्याच्यावर चढतो. काटा लावून दुसरा मोजता येतो, पहिला नाही.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

आखेनकर, हा फरक इतक्या सोप्या शब्दांत मीही कधी मांडला नव्हता. धन्यवाद.

हर्निया जुना झाला की बाजूचे तीन स्नायू (एक्स्टर्नल ऑब्लिक, इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस) मधली पट्टी तुटल्यामुळे आपल्याकडे ओढून घेतात. ज्याच्यावर काही ओढायचं राहिलेलं नाही तो स्नायू आखूड होतो, त्यात चरबी आणि तंतू भरतात. दहा वर्षं हर्निया घेऊन फिरलेल्या माणसाची कड हातात धरली की स्नायू धरल्यासारखं वाटतच नाही, वाळलेली वादी ओढावी तसं वाटतं.

---

प्राणवायू | मंगळवार, दुपारी २:०५

भूलतज्ज्ञाच्या बाजूने लिहिते.

पहिलं. डॉक्टर, तुमचा काटा काय दाखवेल ते मी सिरिंजमधून काय दिलंय त्यावर ठरणार आहे. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरत आला असेल तर तीच कड, तोच चिमटा आणि आकडा वेगळा. मनगटाच्या नसेला लागोपाठ चार झटके देऊन अंगठा किती वेळा हलतो ते आम्ही बघतो, त्याला टीओएफ म्हणतात. मोजमाप करताना तो शून्य हवा. नाहीतर तुम्ही पेशंटचा स्नायू मोजताय की माझं औषध, हे कळणार नाही.

दुसरं. ताण आणि दाब दोन्ही बघायला हवेत. मोठा हर्निया म्हणजे आतडी कित्येक वर्षं पोटाबाहेर पिशवीत राहायला गेलेली. ती परत आत ढकलून दार लावलं की छातीचा पडदा वर सरकतो. तुम्ही कडा जवळ आणता तेव्हा मी व्हेंटिलेटरवरचा प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावर फुप्फुसात असलेला दाब, बघत असते. तो उघड्या पोटाच्या मानाने बराच चढला तर रात्री श्वासाचा त्रास होणार हे मला तिथेच दिसतं. एका पेशंटला असा चढला तेव्हा मी सर्जनना सांगितलं, त्यांनी शेवटचे टाके सोडले, आणखी मोकळं केलं आणि मग बंद केलं. तरी त्या बाईंना आम्ही रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवलं. सकाळी नळी काढली, नीट घरी गेल्या.

नंतर आयसीयूत लघवीच्या नळीतून पोटातला दाब मोजता येतो. पेशंट सपाट झोपलेला, मूत्राशयात २५ मिली सलाइन, श्वास सोडल्यावर वाचायचं. १२ मिमी पारा किंवा त्याच्या वर राहिला की दाब वाढला म्हणायचं. २० च्या वर टिकून राहिला आणि सोबत किडनी किंवा फुप्फुस नव्याने रुसायला लागलं, तर ती आणीबाणी. साधी नळी, साधं सलाइन, तालुक्याच्या आयसीयूतही जमतं. पण मोजलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

---

जुना_हात | मंगळवार, रात्री ९:३०

माझी प्रॅक्टिस ३५ वर्षांची. कृष्णाकाठ, तुमची तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही. काट्यावर आकडा आला, पुढे काय? किती न्यूटनला थांबायचं हे कोण सांगणार? एखाद्या सडपातळ तरुणाची कड जे सोसेल ते साठीच्या, मधुमेही, तंबाखू खाणाऱ्या पेशंटची कड सोसणार नाही. माझी बोटं ताण बघतातच, पण कडेचा रंग, जाडी, ती चिमट्यात कुस्करतेय का, हेही त्याच वेळी बघतात. काटा यातलं एकच बघतो. आकडा हाती आला की तरुण डॉक्टर कडेकडे बघायचं सोडतील ही माझी भीती आहे.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:५०

सर, तुमची भीती खरी आहे, आणि "किती न्यूटनला थांबायचं" याचं ठरलेलं उत्तर आज नाही हेही खरं. पण मोजल्याशिवाय ते उत्तर येणार कुठून? रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं साधन दिलं, त्याआधी मोठमोठे वैद्य नाडीवर बोट ठेवूनच सांगत, नाडी भरलेली आहे, ताणलेली आहे. ती बोटं कच्ची नव्हती. पण एकाच्या बोटाला कळलेलं दुसऱ्याच्या बोटात जात नव्हतं. माझ्या हाउसमनला मी माझी बोटं देऊ शकत नाही. आकडा देऊ शकतो, आणि सोबत कडेचा रंग बघायलाही शिकवू शकतो.

शिवाय मला एका पेशंटचा आकडा दुसऱ्याशी लावायचा नाहीये. त्याच पेशंटमध्ये प्रत्येक पायरीनंतर किती फरक पडला ते बघायचंय. रेक्टसचं (पोटाच्या मध्याला लागून दोन्ही बाजूंना असलेल्या उभ्या स्नायूचं) मागचं आवरण सोडवलं, किती उतरला? पुरेसा नाही, मग ट्रान्सव्हर्सस सोडवला, आता किती? आज आम्ही ही पुढची पायरी अंदाजाने घेतो. कधी गरज नसताना स्नायू कापतो, कधी गरज असून थांबतो. दोन्हीची किंमत पेशंट मोजतो.

---

अबोली | बुधवार, सकाळी ११:१५

मी डॉक्टर नाही. आईसाठी वाचतेय. तिचं वय ५८, सहा वर्षांपूर्वी आतड्याचं तातडीचं ऑपरेशन झालं, तिथेच आता मोठा हर्निया आहे. सीटी स्कॅनमध्ये रुंदी १२ सेंटीमीटर आलीय. डॉक्टरांनी सांगितलं, आधी पोटाच्या दोन्ही बाजूंना इंजेक्शनं देऊ आणि चार आठवड्यांनी ऑपरेशन करू. औषधाचं नाव बोटॉक्स. नातेवाईक म्हणतात हे सुरकुत्यांचं औषध, उगाच खर्च वाढवतायत. आई घाबरली आहे. खरंच याचा हर्नियाशी संबंध आहे का?

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ४:४०

अबोलीताई, संबंध आहे आणि अगदी थेट आहे. आईंना आधी हे सांगा की त्यांचे डॉक्टर घाईने ओढून शिवायच्या मागे नाहीत, आधी ताण उतरवून मग शिवणार आहेत.

बोट्युलिनम हे औषध नसेकडून स्नायूला येणारा हुकूम काही महिने अडवतं. चेहऱ्यावर दिलं तर सुरकुती सैल पडते. पोटाच्या बाजूच्या त्या तीन आखडलेल्या स्नायूंत सोनोग्राफीवर बघत बघत दिलं तर ते सैल पडून लांबतात आणि हर्नियाचं तोंड आपोआप काही सेंटीमीटर अरुंद होतं. एकूण २०० ते ३०० युनिट, दोन्ही बाजूंना ठरावीक जागी वाटून. पुरता अंमल यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार आठवड्यांचं अंतर. हर्नियासाठी हा उपाय मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये मांडला. अंमल ऑपरेशननंतरही टिकतो हा दुसरा फायदा: जखम कच्ची असते त्या दिवसांत बाजूचे स्नायू तिला ओढत नाहीत. त्या काळात पोट बाजूंना थोडं फुगीर दिसेल, खोकला जरा अशक्त वाटेल, त्याला घाबरू नका.

याहून जुनी रीत अर्जेंटिनाच्या गोन्यी मोरेनो यांची, १९४० च्या दशकातली. ऑपरेशनआधी काही दिवस पोटात रोज थोडी थोडी हवा भरायची म्हणजे पोकळी हळूहळू मोठी होते. आतडी फारच बाहेर गेलेली असतील तर आजही ती वापरतात. कधी कधी दोन्ही एकत्र.

सीटीवर आणखी एक बघता येतं. दोन्ही बाजूंच्या रेक्टसची रुंदी मिळवायची आणि हर्नियाच्या रुंदीशी तुलना करायची. बेरीज दुपटीहून जास्त असेल तर बहुतेक वेळा बाजूचे स्नायू न सोडवताच पोट बंद होतं. आईंच्या डॉक्टरांना हे अवश्य विचारा, ते चित्रावर दाखवतील. आणि तंबाखू-मशेरी काही असेल तर ती आजपासून बंद, साखर ताब्यात. हे काटा लावून मोजता येत नाही, पण कडेची ताकद यावरच आहे.

---

अबोली | बुधवार, सायंकाळी ६:०२

मशेरी आहे. आजच बोलते तिच्याशी. खूप आभार डॉक्टर.

---

सुईदोरा | बुधवार, रात्री ८:४५

माझी आई कोल्हापुरात शिवणकाम करायची, मीही तेच करते, म्हणून विचारायचं धाडस करते. ब्लाउज अंगाला टाइट असेल तर आम्ही शिलाई बारीक टीपेची घालतो. मोठी टीप ओढ बसली की कापडाला भोकं पाडते आणि कापड दोऱ्याच्या बाजूने उसवतं, दोरा तुटत नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून तेच आठवलं. पोटाला टाके किती अंतरावर घालतात?

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:१०

ताई, तुम्ही जे लिहिलंत ते सिद्ध करायला आम्हाला २०१५ पर्यंत थांबावं लागलं!

आम्हाला शिकवलं होतं: कडेपासून १ सेंटीमीटर आत, दर १ सेंटीमीटरला एक टाका, जाड दोरा. स्वीडनमधल्या सर्जननी त्याआधीच बारीक टाक्यांचा आग्रह धरला होता. मग नेदरलँड्समध्ये ५६० पेशंटांवर तुलना झाली, स्टिच ट्रायल नावाने ती ओळखली जाते. निम्म्यांना मोठे टाके, निम्म्यांना बारीक दोऱ्याने कडेपासून ५ मिलिमीटरवर, दर ५ मिलिमीटरला एक. वर्षभराने मोठ्या टाक्यांत २१ टक्के लोकांना हर्निया, बारीक टाक्यांत १३ टक्के. (हे पहिल्यांदा पोट बंद करतानाचं आहे, हर्नियाच्या दुरुस्तीचं नाही, पण तत्त्व तेच.)

कारणही तुमचंच. एकूण ओढ जास्त टाक्यांत वाटली जाते, एकेका टाक्यावर कमी येते. मोठा टाका फेशियाबरोबर (स्नायूंवरच्या चिवट पडद्याबरोबर) स्नायू आणि चरबीही आवळतो, ती मऊ असल्यामुळे चेपते, टाका सैल पडतो आणि फट राहते. आवळून बांधलं तर रक्तपुरवठा तुटून कड मरते. इंग्लंडच्या जेंकिन्स यांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं की ऑपरेशननंतर पोट फुगलं की जखमेची लांबी ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, म्हणून दोरा जखमेच्या निदान चौपट लांबीचा जायला हवा. हे आम्ही मोजू शकतो, शेवटी उरलेला दोरा पट्टीवर ठेवला की झालं. तरी बरेच जण मोजत नाहीत.

---

वऱ्हाडी | गुरुवार, सकाळी ९:००

जांघेच्या हर्नियात जाळीशिवाय ऑपरेशन पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांच्या पद्धतीने होतं ना? माझ्या काकांचं तसंच झालं अकोल्यात, छान आहेत. मग पोटावरच्याला जाळी का लागते?

---

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी १:३०

हो. डॉ. देसरडांनी २००१ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली आणि ती आज बाहेरच्या देशांतही होते. एक्स्टर्नल ऑब्लिकच्या चिवट पडद्याची एक पट्टी, दोन्ही टोकं न तोडता, मागच्या कमकुवत भिंतीवर शिवायची. ती पट्टी जिवंत राहते आणि स्नायूबरोबर हलते. कडा ओढाव्या लागत नाहीत.

पोटाच्या मध्यावर असा जवळचा शिलकी पडदा नसतो. तिथे बाजूचा स्नायूच मोकळा करून मध्याला आणावा लागतो. बाल्टिमोरच्या रामिरेझ यांनी १९९० मध्ये दाखवलं की एक्स्टर्नल ऑब्लिक सोडवला तर कमरेच्या पातळीला एकेक बाजू १० सेंटीमीटरपर्यंत आत येते, वर बरगड्यांजवळ ५ आणि खाली जांघेच्या वर फक्त ३. नोवित्स्की यांनी २०१२ मध्ये मागच्या बाजूने ट्रान्सव्हर्सस सोडवायची रीत मांडली, टीएआर म्हणतात ती. त्वचा खालून फार सोलावी लागत नाही म्हणून मी हीच करतो. इतकं करून आणलेल्या कडेला आधार म्हणून रेक्टसच्या मागे जाळी.

---

यंत्रज्ञ_चिंचवड | गुरुवार, रात्री ११:२०

काट्याबद्दल तीन शंका आहेत, त्यातली तिसरी मोठी.

एकाच चिमट्याने एका बिंदूला ओढलं तर तिथे येणारं बळ आणि पूर्ण कडेवर वाटलेलं बळ सारखं नाही. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी वाचा, आणि दर वेळी चिमटा कडेपासून तेवढ्याच अंतरावर लावा. ओढ आडव्या पातळीत हवी. काटा वर उचलला गेला की आकडा खोटा.

तिसरी: शरीरातला पडदा स्टीलसारखा वागत नाही. ओढून तसाच धरून ठेवला तर बळ आपोआप उतरत जातं. चामड्याचा नवा पट्टा पहिल्या दिवशी आवळतो, मग सैल होतो, तसं. म्हणजे ओढल्याबरोबर वाचलं तर एक आकडा, दोन मिनिटांनी वाचलं तर दुसरा. कुठला लिहिणार ते आधीच ठरवा.

---

आखेनकर | शुक्रवार, पहाटे २:३०

या तिसऱ्या मुद्द्यावर इथे जर्मनीत एक उपचारच उभा राहिलाय. फासिओटेन्स नावाचं उपकरण आहे. पेशंट भुलीत असतानाच दोन्ही कडांना टाके घालून ते वर एका चौकटीला बांधतात आणि अर्धा तास सतत ओढ देतात. किती ओढ लागतेय ते उपकरणावर दिसतं. अर्ध्या तासाने कडा काही सेंटीमीटर जवळ आलेल्या असतात. स्नायू कापायची वेळ काही पेशंटांमध्ये टळते. यंत्रज्ञांनी सांगितलेलं सैल पडणं इथे कामाला लावलंय.

---

फिजिओ_ठाणे | शुक्रवार, दुपारी १२:१०

वर ज्या २० जणांच्या अभ्यासाचा उल्लेख आलाय त्यात आणखी एक गोष्ट होती: १० पौंडांचं, म्हणजे साडेचार किलोचं वजन उचलताना दाब फारसा वाढला नव्हता. खोकला त्याच्या कितीतरी वर. आपल्याकडे घरी आलेल्या पेशंटला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत आणि खोकला मात्र आठवडाभर तसाच अंगावर काढतात. अबोली, आईला ऑपरेशनआधीच शिकवून ठेव: खोकला येतोय वाटलं की उशी पोटावर दाबून धरायची. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधाराने बसायचं, सरळ उठायचं नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. चालणं दुसऱ्या दिवसापासून.

---

जुना_हात | शुक्रवार, रात्री ९:५०

सगळं वाचलं. कृष्णाकाठ, "त्याच पेशंटमध्ये पायरीपायरीने" हे मला पटलं. एकच अट घालतो. आकडा वाचायच्या आधी तुमच्या बोटांचा अंदाज कागदावर लिहा, मग काटा लावा. वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवून बघू. आणि नैतिक समितीची परवानगी आणि पेशंटची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही चिमटा लावू नका.

---

कृष्णाकाठ | पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८:१५

सर, तुमची अट जशीच्या तशी अर्जात घातली. समितीने दोन बैठका घेतल्या, परवानगी मिळाली. काटा निर्जंतुक करता येत नाही म्हणून तो कॅमेऱ्याच्या निर्जंतुक पिशवीत ठेवतो आणि चिमट्यापासून त्याच्यापर्यंत निर्जंतुक टेप घेतो. कड मध्याला आल्यावर मनात तीस मोजून वाचायचं ठरवलंय.

पहिल्या पेशंट परवा झाल्या. माझ्या बोटांनी लिहिलं होतं, "उजवी बाजू जास्त टाइट." काट्याने डावी जास्त दाखवली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. मी उजव्या बाजूला उभा असतो, समोरची कड स्वतःकडे ओढतो आणि जवळची स्वतःपासून दूर ढकलतो. एकोणीस वर्षं हाताला लागणारा तो फरक मी पेशंटचा समजत होतो. आम्ही डावीचा ट्रान्सव्हर्सस आधी सोडवला आणि आकडा निम्म्याच्याही खाली आला. उजवी सोडवायची गरज पडली नाही. हाउसमनने आकडे स्वतःच्या हाताने वहीत उतरवले.

---

अबोली | रविवार, सकाळी १०:४०

डॉक्टर, आईचं ऑपरेशन मंगळवारी झालं. पोट पूर्ण बंद झालं, जाळी मागे ठेवलीय. आधीच्या सीटीत १२ होतं ते इंजेक्शनांनंतरच्या सीटीत ९ झालं होतं. मशेरी सुटून ३८ दिवस झाले. उशी तिच्या हाताशीच असते, वॉर्डातल्या इतर बायकांनाही शिकवतेय.

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ११:०५

सकाळ सार्थकी लागली, ताई. आईंना माझा नमस्कार सांगा.

वहीत सध्या एवढे रकाने आहेत: हर्नियाची रुंदी, रेक्टसची रुंदी, बोटांचा अंदाज, तीन जागचे आकडे दोन्ही बाजूंना, प्रत्येक पायरीनंतर पुन्हा तेच, प्लॅटो प्रेशर आधी आणि नंतर, दोरा आणि जखमेचं प्रमाण. पुढे ३० दिवस, १ वर्ष, ३ वर्षं. काही राहिलं असेल तर आजच सांगा, उद्या दुसरे पेशंट आहेत.

---

प्राणवायू | रविवार, सकाळी ११:३०

राहिलंय. दर आकड्याशेजारी त्या क्षणाचा टीओएफ. तो रकाना नसेल तर बाकीची वही मी वाचणार नाही.